सावरला

ला पोमारिना,
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय फ्रोइलान,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण जानेवारीत सफरचंदांची आंबलेली सिद्रा एका पिंपातून दुसऱ्या पिंपात उतरवायची असते आणि यंदा ते काम माझ्या एकटीवर आलं.

मुद्दाम फोन करत नाही. फोनवर मी रडते, आणि मी रडले की तू ‘शांत हो वहिनी’ म्हणून विषय बदलतोस. कागद मला शांत हो म्हणत नाही.

क्रमाने सांग, असं तू विद्यार्थ्यांना सांगायचास, म्हणून क्रमाने लिहिते. चोवीस ऑक्टोबरला सेल्सो सफरचंदांच्या घाण्यापाशी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. अकरा दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हा आता जागा होणार नाही, यंत्र काढणंच बरं. नंतर दुसरी एक बाई आली आणि तिने अवयवदानाबद्दल विचारलं. सेल्सोच्या पाकिटात दात्याचं कार्ड वीस वर्षं होतं, म्हणून मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र काढलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तासाभराने हिरवी टोपी घातलेली एक बाई बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून फोनवर म्हणाली, ‘सावरला तो. रंग सुरेख आलाय. निघा तुम्ही.’

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सावरला.

घरी येताना गाडीत मी ते एतेल्व्हिनाला सांगितलं. तुझी थोरली चुलतबहीण म्हणून तुला ती प्रेमळ वाटत असेल. मला ती नणंद आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. गेल्या गुरुवारी बोलली. पाववाल्याची गाडी आली होती, आळीतले सगळे उभे होते.

‘दोन पाव दे,’ मी म्हटलं.

‘तिला एक पुरे,’ ती पाववाल्याला म्हणाली. ‘घरातला खाणारा कमी केलाय तिने.’

‘एतेल्व्हिना, लोकांसमोर नको.’

‘लोकांसमोरच हवं. माझा भाऊ सावरला होता, तूच सांगितलंस मला. सावरलेल्या माणसाला घरी आणतात. तू काय आणलंस? पिशवीत त्याचे बूट.’

मी दोन्ही पाव तिथेच ठेवून घरी आले.

तीस वर्षं तू हाच उद्योग केलास: रक्त थांबलेल्या अवयवांना पंप लावणं. तेव्हा मला सरळ सांग. मी सही केलेला माणूस मेला होता की नव्हता?

नोरी

*

सान्तान्देर,
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय नोरी वहिनी,

तू क्रमाने विचारलंस, मीही क्रमाने उत्तर देतो.

आधी शब्दाचं. आमच्या कामात ‘सावरला’ हे क्रियापद माणसाला क्वचित आणि अवयवाला रोज लावलं जातं. रक्त थांबल्यामुळे दुखावलेला अवयव रक्त मिळाल्यावर पुन्हा काम करू लागला, की आम्ही म्हणतो, सावरला. ती बाई सेल्सोच्या यकृताविषयी, दुसऱ्या गावाहून ते न्यायला येणाऱ्या चमूशी बोलत होती. माणूसही ‘तो’ आणि अवयवही ‘तो’. भाषेने दोघांना एकच सर्वनाम दिलं आणि तुझ्या वाट्याला तीन महिन्यांचा छळ आला. त्या बाईच्या वतीने मला याचं फार वाईट वाटतं.

आता यकृत सावरतं म्हणजे काय, ते सांगतो. तुला समजायला ते इतरांपेक्षा सोपं जाईल, कारण हवेविना जीव कसे जगतात हे तू आयुष्यभर पाहिलं आहेस.

हृदय थांबलं की माणूस जातो; त्याच्या पेशी मात्र लगेच जात नाहीत. प्रत्येक पेशीच्या आवरणावर अतिसूक्ष्म पंप असतात. आत शिरू पाहणारं मीठ ते अखंड बाहेर फेकत राहतात, आणि त्यासाठी लागणारी शक्ती त्यांना प्राणवायूच्या जोरावर मिळते. रक्त थांबल्यावर साठ्यातला प्राणवायू काही मिनिटांत संपतो. तेव्हा पेशी तुझ्या पिंपातल्या यीस्टसारखी वागू लागते, म्हणजे हवेविना जगण्याची दुसरी वाट धरते. यीस्ट त्या वाटेने मद्यार्क तयार करतं, यकृताची पेशी आम्ल तयार करते. पण या वाटेने मिळणारी शक्ती अगदी तुटपुंजी असते. पंप मंदावतात, मीठ आत शिरतं, त्यापाठोपाठ पाणी शिरतं, पेशी फुगते, आम्ल साचतं. एवढं सगळं होईपर्यंतही ती मेलेली नसते. ती अडचणीत असते, आणि अडचणीतून बाहेर काढता येते.

यातलं सर्वांत विलक्षण असं, की मोठी इजा बहुधा रक्त थांबताना होत नाही, ती रक्त परतताना होते. उपाशी पेशीवर प्राणवायू एकदम कोसळला तर तो तिला जाळतो. महिनोन्‌महिने बंद ठेवलेलं पिंप एकाएकी उघडलं की एका दिवसात त्याचा व्हिनेगर व्हावा, तसं. म्हणून आम्ही पंपाने उबदार रक्त, प्राणवायू मोजून मिसळून, मांड्यांत बसवलेल्या नळ्यांमधून पोटाकडे फिरवतो. दर अर्ध्या तासाने त्यातलं आम्ल मोजतो. आकडा उतरत जातो. यकृताची मातकट छटा हळूहळू मावळते आणि त्यावर तांबूस तकाकी चढते. पेशींनी स्वतःची डागडुजी सुरू केलेली असते. मी हे शेकडो वेळा पाहिलं, आणि दर वेळी मला वाटलं की याहून सुंदर दृश्य नसेल.

तर वहिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सेल्सो मेला होता. सावरलं ते त्याचं यकृत. हे पत्र एतेल्व्हिनाला खुशाल वाचून दाखव.

तुझा
फ्रोइलान

*

ला पोमारिना,
२ मार्च २०२३

फ्रोइलान,

सुंदर दृश्य म्हणे. पत्र टाकण्याआधी एकदा वाचून पाहत जा.

आणि व्हिनेगर एका दिवसात होत नाही, प्रोफेसर. आठवडे लागतात. लहानपणी दर उन्हाळ्यात इथे येऊन नुसतीच सफरचंदं खाल्लीस का? तुला हवी होती ती उपमा पिंपं उतरवण्याची. आपण नळीचं तोंड नव्या पिंपाच्या तळाशी टेकवतो, म्हणजे सिद्रा वरून कोसळत नाही, तिच्यात हवा घुसळली जात नाही. ती खालून, मुकाट्याने चढते. त्या वेळी सेल्सो कुणाला मोठ्याने बोलूही देत नसे.

तुझं पत्र मी ओळीखाली बोट ठेवून तीनदा वाचलं. त्यात मांड्या आहेत, पोट आहे, यकृत तर ओळीओळीला आहे. डोकं एकदाही नाही.

रक्त मांडीतून पोटापर्यंत चढलं, तर तिथेच कसं थांबलं? पोटाच्या वर का नाही गेलं? पिंपात खालून सोडलेली सिद्रा अर्ध्यावर आपणहून थांबलेली मी कधी पाहिली नाही.

फार्मसीतल्या बाईने एक कात्रण दिलं. अमेरिकेत म्हणे मेलेल्या डुकरांना तासाभराने पंप लावला आणि त्यांच्या हृदयाच्या, यकृताच्या, मूत्रपिंडांच्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. एतेल्व्हिनाकडेही ते कात्रण पोहोचलंय. ती माझ्याशी बोलत नाही, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात पाववाल्याशी बोलते. ‘डुकराला जमलं,’ म्हणाली. ‘माझा भाऊ डुकराहून गेलेला होता का रे?’ त्या बिचाऱ्याने तिला एक केक फुकट दिला आणि गाडी हाकली.

डोकं कुठे आहे, ते लिही.

नोरी

*

सान्तान्देर,
२७ मार्च २०२३

प्रिय वहिनी,

तुझा आक्षेप रास्त आहे. मी डोकं वगळलं, आणि ते विसरून वगळलं नव्हतं. तुला त्रास होईल असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्रास मला होणार होता.

हृदयातून निघालेली एक मोठी रक्तवाहिनी छातीतून पोटाकडे उतरते. यंत्र काढण्यापूर्वीच तिच्यात एक नळी सरकवून ठेवलेली असते आणि त्या नळीच्या टोकाशी एक मिटलेला फुगा असतो. यंत्र काढल्यावर हृदय थांबतं. त्यानंतरची पूर्ण पाच मिनिटं कुणीही काही करायचं नाही; रोग्याला हातसुद्धा लावायचा नाही. त्या अवधीत हृदय पुन्हा सुरू झालं नाही, तर अतिदक्षता विभागाचे डॉक्टर मृत्यू जाहीर करतात. शस्त्रक्रियेच्या चमूला तोवर त्या प्रक्रियेत स्थान नसतं. त्यानंतर फुगा फुगवतात. छातीशी वाट बंद होते. मग पंप सुरू करतात. रक्त पोटात फिरतं. हृदयाकडे आणि डोक्याकडे जात नाही.

हा फुगा नसता तर सेल्सो उठला असता का? नाही. त्याचा मेंदू अकरा दिवसांपूर्वीच रक्ताच्या दाबाखाली चिरडला गेला होता. कात्रणातल्या प्रयोगातही पेशी कामाला लागल्या, डुकरं उठली नाहीत; त्यांच्या मेंदूंत जाणिवेची म्हणता येईल अशी लहर दिसली नाही. पेशी सावरणं आणि प्राणी परतणं या दोहोंमध्ये फार मोठं अंतर आहे, आणि ते पार करणारा मार्ग मला ठाऊक नाही.

मग फुगा कशासाठी, असं तू विचारशील. उरल्यासुरल्या काही पेशी क्षणभर चेतल्या असत्या, तर तो क्षण कसा असता आणि कुणाचा असता, हे कुणालाही सांगता येत नाही. तो कुणावरही येऊ नये, म्हणून वाट बंद करतात. आमच्या इथे हा नियम लिहिला गेला तेव्हा त्या समितीत मी होतो. मी हात वर केला होता, आजही करीन. पण त्या बैठकीनंतर मी बस सोडून घरापर्यंत चालत गेलो होतो, तेही तुला सांगायला हवं.

फ्रोइलान

*

ला पोमारिना,
१० एप्रिल २०२३

फ्रोइलान,

पत्र मिळालं. म्हणजे दार होतं, आणि ते लावून घेतलं गेलं, आणि लावायचं असं ठरवणाऱ्यांत आपल्याच घरातला एक होता.

बाटल्या भरायचं काम सुरू आहे. सध्या लिहू नकोस.

नोरी

*

सान्तान्देर,
२१ जुलै २०२३

प्रिय वहिनी,

तीन महिने तुझी आज्ञा पाळली. आज मोडतो आहे, कारण तुझ्या वतीने एक काम केलं, आणि ते तुला न सांगणं म्हणजे पुन्हा डोकं वगळण्यासारखं होईल.

हिरव्या टोपीतली बाई मला सापडली. तिचं नाव इदोया. ती एके काळी माझी विद्यार्थिनी होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिला भेटायला गेलो.

‘चार नोव्हेंबरला तू दालनात फोनवर काय म्हणालीस, आठवतं?’

‘सर, मी रोज तेच म्हणते. सावरला, निघा.’

‘बाकावर त्याची बायको बसली होती.’

ती म्हणाली, ‘म्हणून तर मी भिंतीकडे तोंड करते. ऐकू जाऊ नये म्हणून.’

‘भिंत आवाज परत फेकते, इदोया.’

‘भिंतीकडे वळायला तुम्हीच शिकवलं होतंत ना? मी तेव्हा मागच्या बाकावर असायचे.’ एवढं बोलून ती रडू लागली. आता ती फोन करायला चादरींच्या खोलीत जाते, आणि ‘सावरला’ म्हणायचं सोडून ‘यकृत चांगलं आहे’ असं म्हणते. बाकीच्यांनाही तिने तसं सांगितलं आहे. तिने तुझी क्षमा मागितली आहे. यकृत कुणाला मिळालं ते कायद्याने मलाही कळू शकत नाही आणि मी विचारलंही नाही.

एक किरकोळ गोष्ट. ती आत गेली तेव्हा पलंगाशेजारची खुर्ची रिकामी होती, असं ती म्हणाली. म्हणजे डॉक्टरांनी तुला योग्य वेळी बाहेर नेलं असणार; पाच मिनिटांनंतर विलंब चालत नाही. तू अखेरपर्यंत त्याचा हात धरून होतीस, असं तू अंत्यविधीला सांगितलं होतंस, आणि मला वाटतं, एतेल्व्हिनाला तू त्याच गोष्टीची आठवण करून द्यावीस. तू त्याला जाताना पाहिलंस. तुझी साक्ष तिच्या कात्रणाहून वजनदार आहे.

तुझा
फ्रोइलान

*

ला पोमारिना,
३ सप्टेंबर २०२३

फ्रोइलान,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन चुलीत गेली.

माझी साक्ष नाही.

यंत्र काढलं तेव्हा मी त्याचा हात धरला होता, तेवढं खरं. तो संथ श्वास घेत होता. मग मला भूक लागली. अकरा दिवस मला भूक कशी ती लागली नव्हती, आणि त्या वेळी, तिथे, पोटात आग पडली. मी खाली उपाहारगृहात गेले. बटाट्याच्या ऑम्लेटचा मोठा तुकडा घेतला, पाव घेतला, दुधाची कॉफी घेतली. सगळं संपवलं. ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला. फ्रोइलान, ते मला चविष्ट लागलं.

वर आले तेव्हा दार बंद होतं. एक नर्स म्हणाली, ‘बाई, ते गेले,’ आणि तिने मला बाकावर बसवलं. त्यानंतर तासभराने ती हिरवी टोपी.

त्याला थांबलेलं मी पाहिलंच नाही. मी जाताना तो श्वास घेत होता, आणि परत आल्यावर पहिलं वाक्य ऐकलं ते ‘सावरला’. तुझे पेशींचे पंप मला समजले, फुगासुद्धा समजला. आत्ता समजला. पण मधली पाच मिनिटं तुझ्या पत्रात आहेत, माझ्या डोळ्यांत नाहीत. ज्याने पाहिलं नाही त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? मग मी हात धरल्याचं खोटं सांगितलं, आणि एतेल्व्हिनाला ते खरं वाटलं, म्हणून तर ती एवढी चिडली. तिला वाटतं मी सगळं पाहिलं आणि गप्प बसले.

चार नोव्हेंबरला चर्चमध्ये सेल्सोची वर्षाची मिस्सा आहे. तिने पाद्र्याला कळवलंय की मी पुढच्या बाकावर बसणार असेन तर ती येणार नाही. तिचा एकच भाऊ होता. ती आली नाही तर त्या मिस्सेला काही अर्थ नाही, आणि मी मागे बसले तर गाव समजेल की तिचं खरं होतं.

आता तुझं मत काय झालं असेल ते कळव. मऊ करून लिहू नकोस.

नोरी

*

सान्तान्देर,
८ ऑक्टोबर २०२३

प्रिय वहिनी,

माझं मत असं, की गेले आठ महिने मी तुला तू न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होतो. तू यकृताविषयी विचारतेस असं मला वाटलं. विद्यार्थ्यांना मी याच चुकीसाठी नापास करत असे.

पत्र मिळाल्यावर मी अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांना भेटलो. साबिनो आर्गुएयेस, मृत्यू जाहीर करणारे तेच. साठीचे गृहस्थ, बोलायला तुटक.

‘त्या बाई खाली गेल्या होत्या,’ ते मी विचारण्याआधीच म्हणाले. ‘मीच पाठवलं. म्हटलं, जा, काहीतरी खाऊन या, वेळ आहे.’

‘वहिनीला ते आठवत नाही.’

‘आठवणार कसं? मला आठवतं. यंत्र काढल्यावर कुणाचं हृदय दहा मिनिटांत थांबतं, कुणाचं दोन तासांनी. मला वाटलं, हा दणकट माणूस आहे, तास तरी लागेल. अकराव्या मिनिटाला थांबलं. नर्सला खाली पिटाळलं, तर लिफ्ट वर गेलेली. माझा अंदाज चुकला, प्रोफेसर. तेव्हापासून कुणालाही जेवायला पाठवत नाही. जेवण वर मागवतो.’

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जिच्यावरून त्यांचे सहकारी त्यांची थट्टा करतात. हृदयाचा आलेख आता संगणकात आपोआप साठतो. कागदाची गरज उरलेली नाही. डॉक्टर आर्गुएयेस मात्र ती पाच मिनिटं आजही कागदावर उतरवतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, आणि ती गुंडाळी रोग्याच्या फायलीत ठेवतात. ‘पडद्यावरची रेघ पुढे सरकते आणि पुसली जाते,’ ते म्हणाले. ‘कुणाला पाहायचं असेल तर काहीतरी उरायला हवं. आजवर कुणी मागितलं नाही.’

मृताची पत्नी म्हणून ती गुंडाळी मागण्याचा तुला अधिकार आहे. मला ती देणार नाहीत. अर्ज सोबत जोडला आहे.

मिळाल्यावर कशी वाचायची ते सांगतो. कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर वेगाने सरकतो. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. म्हणजे साडेसात मीटर, आणि त्याआधीचा हातभर कागद. त्यावर दोन रेघा असतील: वरची हृदयातल्या विजेची, खालची रक्ताच्या दाबाची. आरंभी काही उंचवटे दिसतील. मग खालची रेघ सपाट होईल, वरची थोडी थरथरून सपाट होईल. त्यापुढे मीटरमागून मीटर तू एकच गोष्ट पाहायची आहेस: एखादा उंचवटा पुन्हा येतो का. डॉक्टर तेच पाहत उभे होते. फुगा, पंप, यकृत, मी ज्यांच्याविषयी तुला पानंच्या पानं लिहिली ते सगळं त्या कागदाच्या टोकानंतर सुरू होतं.

मी तुला त्यात काय आहे ते सांगत नाही. मी ती पाहिलेली नाही. तुझ्या आधी पाहणार नाही.

फ्रोइलान

*

ला पोमारिना,
६ नोव्हेंबर २०२३

प्रिय फ्रोइलान,

कागद दोन तारखेला मिळाला. पाकीट न उघडता मी सरळ एतेल्व्हिनाच्या दाराशी गेले.

‘मी हात धरून नव्हते,’ मी उंबऱ्यातूनच म्हटलं. ‘मी खाली ऑम्लेट खात होते.’

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘चांगलं होतं का?’

‘फार चांगलं होतं.’

‘मग एवढे दिवस खोटं कशाला बोललीस? मी त्यावरूनही ओरडले असते, पण एकदाच.’ मग तिने काठी घेतली. ‘हातात काय आहे?’

मी सांगितलं, तुझ्या पत्रांतलं यकृताचंही. साडेसात मीटर पसरायला तिच्या घरात जागा नव्हती, माझ्याही घरात नाही. आम्ही पिंपघरात गेलो. पिंपांच्या रांगेसमोर फरशी झाडली आणि कागद भिंतीशी आडवा उलगडत नेला. सुरुवातीचं टोक तिने बुटाखाली दाबून धरलं. मोठं दार उघडं होतं, त्यामुळे उजेड पुरेसा होता.

तू लिहिलं होतंस तसंच निघालं. आधी उंचवटे, एकमेकांपासून लांब लांब होत गेलेले. मी मोजले: सात. मग खालची रेघ आडवी झाली. वरची जरा थरथरली आणि तीही आडवी झाली.

‘इथे मेला?’ एतेल्व्हिनाने काठीचं टोक तिथे टेकवलं.

‘इथे थांबला. डॉक्टरांनी पुढचं सगळं पाहिलं, आणि मग म्हटलं.’

‘मग आपणही पाहू.’

तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत. ती वाकून, एका वेळी एक वीत पुढे सरकत होती. मी तिच्या कोपराला धरून होते. दोन मीटर झाले तशी म्हणाली, ‘इथे काही आहे का?’ कागदाची घडी होती. चार मीटरवर परत विचारलं. तिथे डॉक्टरांनी पेनाने वेळ लिहिली होती. बाकी रेघ. मी एकदाही नजर हलवली नाही. तिनेही नाही. अर्ध्या वाटेपुढे ती काही विचारेनाशी झाली आणि माझा हात तिने घट्ट धरला, पडू नये म्हणून असेल. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. पाच मिनिटांपेक्षा कमी नक्कीच नाही.

टोकाला डॉक्टरांची सही आणि वेळ. दोन वाजून एकेचाळीस मिनिटं. तिथे ती सरळ उभी राहिली आणि तिने क्रूसाची खूण केली.

‘गेला,’ ती म्हणाली. ‘माझ्यासमोर.’

मिस्सेला ती पुढच्या बाकावर बसली, माझ्या उजवीकडे, आणि पाद्री सेल्सोचं दुसरं नाव चुकला तेव्हा तिने मला इतक्या जोरात कोपर मारलं की अजून दुखतंय.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. कागद जिथे संपतो तिथून भिंतीपर्यंत दोन हात फरशी मोकळी होती. गुंडाळी करण्यापूर्वी एतेल्व्हिना त्या मोकळ्या फरशीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग काठीने तिथे दोनदा टकटक केली.

‘आणि ते तुमचं यकृत,’ ती म्हणाली, ‘ते इथे कुठेतरी सावरलं.’

नोरी